जिमी कार्टर नौदलात होते, त्याचा त्यांच्या अमेरिकेच्या अध्यक्षपदावर खरंच काही परिणाम झाला का?

झाला. पंधरा वर्षं मी जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलीत, मला तो लांबूनही दिसतो.

नोकरी नवीन होती. रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. दर तासाला ऑइल प्रेशर लॉगमध्ये लिहायचं. मी तीनचे आकडे दोनच्या ओळीवरून उतरवले. चीफ इंजिनिअरनं पान बघितलं, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "डोळ्यांनी बघितलंस?" गेजपाशी गेलो तर काटा बराच खाली. फिल्टर चोंदला होता. शिवी एकही नाही, पण तेव्हापासून दुसऱ्याचा आकडा मी घेत नाही.

कार्टर पाणबुडीवाले. १९४६ साली ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, पुढे अमेरिकेच्या अणुपाणबुड्या उभ्या करणाऱ्या रिकोव्हरच्या हाताखाली काम. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली, तिथे यांची तुकडी गेली. जवळच्या टेनिस कोर्टावर भट्टीची नक्कल मांडून सराव केला आणि मग किरणोत्सर्ग फार म्हणून आत उतरून दीड मिनिटात होईल तेवढं खोलायचं नि वर यायचं. असा माणूस १९७९ साली थ्री माइल आयलंडच्या अणुवीज प्रकल्पातल्या अपघातानंतर चार दिवसांत बायकोला घेऊन, पिवळे बूट चढवून प्रकल्पात शिरला, यात नवल काय?

पण लोक याच सवयीला हसले. व्हाइट हाउसच्या टेनिस कोर्टावर कुणी कधी खेळायचं तेही हेच बघतात, असं त्यांच्याच एका माजी भाषणलेखकानं लिहिलं. कार्टर नाही म्हणत राहिले.

आमच्याकडे हसायला दादा आहे. आंब्याच्या पेट्या मी उघडून मोजतो म्हणून "आले नेव्हीवाले" करतो. मुळात त्याचा राग वेगळा. बाबा गेले तेव्हा मला जहाजावर एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ मिळत होती, मी घेतली नाही. कार्टरनीही १९५३ मध्ये वडील गेल्यावरच राजीनामा दिला आणि आपल्या गावी, प्लेन्सला भुईमुगाच्या धंद्यात उतरले. त्यांच्या बायको रोझलिनबाई गावी परतताना वाटभर धड बोलल्या नाहीत. आमची ही बोलली. अबोला दादानं धरला, दोन वर्षं. चांगली नोकरी सोडून पळून आलास म्हणे. अरे, तू डोंबिवलीत, मग कलमांना पाणी कोण घालणार होतं?

आता हेही खरं की सगळं डोळ्यांनी बघता येत नाही. १९८० मध्ये इराणात ओलीस धरलेले अमेरिकन सोडवायला आठ हेलिकॉप्टरं पाठवली, वाळवंटात धड उरली पाच, लागणार होती किमान सहा. मोहीम थांबवली तर निघताना टक्कर होऊन आठ जण गेले. खापर अध्यक्षांवर फुटलं, आणि ते बरोबरच. वॉच ज्याची, जबाबदारी त्याची. त्या वर्षीची निवडणूकही ते हरले. संसदेतली माणसं सांभाळायला मात्र नौदल शिकवत नाही, तिथे ते कच्चेच राहिले.

दादा मेमध्ये येतोय. पेटीवर पाच डझन लिहिलेलं असतं. परवा एकीत सत्तावन्न निघाले.