घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ महिन्याभरात पांढरे पडतात, काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई नडते. अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी प्रवाळ सोडूच नका.

तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, मिठाचं प्रमाण हजारी ३५. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याचीच घाला.

माझ्या मते खरी मेख अल्कलिनिटीत, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यात आहे. कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेतात. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) उत्तम, पण नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. आज ७, उद्या १० असे हेलकावे त्यांना अजिबात सोसत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी तपासा.

पांढरं पडणं म्हणजे प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल निघून जाणं. पाणी तापलं किंवा लाइट एकदम तीव्र लावला तरी असं होतं. प्रकाश हळूहळू वाढवा.

आणि कृपा करून, माशांसाठीचं तांबंयुक्त औषध या टाकीत कधीच टाकू नका. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या टाकीत हलवून मगच उपचार करा.