कोच परवडत नाही, स्वतःच गोल्फ शिकतोय. दीड वर्ष झालं तरी स्कोअर ११५च्या खाली येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून शिकताय, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल झकास जातात आणि कोर्सवर गेलं की सगळं बिघडतं. या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. रेंजवर ज्या नकली गवताच्या मॅटवरून आपण मारतो, ती खोटं बोलते.

आधी माझी लायकी सांगतो. मी मूळचा नाशिकचा. आमच्याकडे 'गोल्फ क्लब मैदान' आहे. त्यावर मी रणजीचे सामने पाहिले, सभा ऐकल्या, पहाटे धावलो, पण गोल्फ कधी पाहिला नाही. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, पहिल्यांदा हातात धरला तो पुण्यात, छत्तिसाव्या वर्षी, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहामुळे. पहिला पूर्ण राउंड, म्हणजे अठरा होल, १२७ फटक्यांत. आज नऊ वर्षांनी ८७ ते ९२च्या मध्ये असतो, वारा असेल तर ९५. म्हणजे फार मोठा खेळाडू नाही. पण तुम्ही ज्या चिखलात उभे आहात तिथून बाहेर आलेला माणूस आहे. (उजवा आहे. तुम्ही डावरे असाल तर खालचं सगळं उलटं वाचा.)

तर मॅट. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी तो घसरत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. आपल्याला वाटतं, जमलं! कोर्सवर तोच फटका मारला की क्लब मातीत रुततो आणि बॉल वीस पावलांवर जाऊन बसतो. मी दोन वर्षं मॅटवर शेकडो बॉल मारून हीच चूक पक्की केली. त्यात भर म्हणून दर आठवड्याला नवा व्हिडिओ: कधी कोपर आत, कधी मनगट वाकवा, कधी कंबर आधी फिरवा. एका ऑनलाइन शिकवणीला पैसेही भरले. १०८वरून पुन्हा ११६वर गेलो.

सुटका झाली ती एका कॅडीमुळे, म्हणजे पिशवी उचलून सोबत चालणाऱ्या मदतनीसामुळे. साठीच्या आसपासचे गृहस्थ, पायात जुने कॅनव्हासचे बूट. पाचव्या होलवर मी लागोपाठ तिसरा बॉल टॉप केला, म्हणजे वरच्या टोकाला लागून सरपटत गेला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बॉल उचलताय. उचलायचं काम लोखंडाचं. तुम्ही बॉलच्या पुढचं गवत कापा." मग खिशातून टी (बॉल ठेवायची खुंटी) काढून त्यांनी कडेच्या मातीत एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, बॉल नको, या रेघेवर दहा स्विंग करा. दहाच्या दहा ओरखडे रेघेच्या मागे! एकही पुढे नाही. दोन वर्षांत एकाही व्हिडिओने मला जे दाखवलं नव्हतं ते त्या मातीने दोन मिनिटांत दाखवलं.

त्यामागचं कारण साधं आहे. सात नंबरच्या आयर्नचं (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबचं) तोंड मुळातच साधारण तीस अंश कललेलं असतं. बॉल वर न्यायची सोय लोहाराने करून ठेवलेली आहे. आपण त्यावर विश्वास न ठेवता खालून खरवडायला जातो, वजन मागच्या पायावर राहतं आणि स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. मग क्लब कधी आधी जमिनीत जातो, तर कधी वर येताना बॉलच्या डोक्याला लागतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे, आणि आपण त्यांना दोन वेगळे आजार समजून दोन वेगळी औषधं घेतो.

तुम्हीही हेच करा. सरावाचा बंकर असेल तर वाळूत रेघ ओढा, नसेल तर कुठल्याही मोकळ्या मातीत. ओरखडा रेघेवर सुरू होऊन पुढे गेला पाहिजे. फटका संपल्यावर उजवा पाय टाचेने उचललेला आणि सगळा भार डाव्यावर, असे दोन श्वास उभं राहता आलं पाहिजे. मॅटशिवाय पर्याय नसेल तर बॉलच्या मागे अर्धी वीत सोडून टॉवेलची घडी ठेवा. टॉवेल उडाला की फटका बाद, मग बॉल कितीही लांब जावो.

दुसरा प्रामाणिक शिक्षक म्हणजे क्लबचं तोंड. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा आणि मारा. ठिपक्याची छाप क्लबवर उमटते. मला वाटायचं मी ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) मधोमध मारतोय. छाप निघाली शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, टाचेकडे. बॉलपासून फक्त अर्धं पाऊल मागे उभा राहिलो आणि वीसेक मीटर जास्त मिळाले. हा व्हिडिओतला कानमंत्र नव्हता, माझ्याच क्लबवरचा निळा डाग होता.

आता स्लाइस. तुम्ही लिहिलं नाहीत, पण स्वतः शिकलेल्या दहांपैकी आठ जणांना तो असतो, म्हणून धरून चालतो. बॉल डावीकडे किंवा सरळ निघतो आणि मग केळ्यासारखा उजवीकडे वळत झाडीत जातो. यावर आपण स्वाभाविकपणे काय करतो? आणखी डावीकडे निशाणा धरतो. इथेच घात होतो. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबचं तोंड ठरवतं, आणि किती वळणार हे तोंडाची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातला फरक ठरवतो. डावीकडे निशाणा धरला की मार्ग आणखी डावीकडे जातो, तोंड मात्र जुन्या निशाण्याकडेच उघडं राहतं. फरक वाढतो, केळं मोठं होतं. जितकं सावरायला जाल तितकं जास्त वळणार.

माझ्या बाबतीत मूळ ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब धरण्यात, होतं, आणि ते मला हातमोज्याने सांगितलं. डाव्या हाताचा मोजा दर दीड महिन्याने तळव्याच्या टाचेपाशी फाटायचा. मी कंपनीला शिव्या घालायचो. खरं म्हणजे क्लब बोटांत न धरता तळव्यात धरल्यामुळे तो फटक्याच्या वेळी तिथे घासत होता. क्लब बोटांच्या मुळाशी तिरका धरला, आणि वरून पाहताना डाव्या हाताची दोन ते तीन पेरं दिसतील इतका हात उजवीकडे वळवला. पहिले तीन आठवडे इतकं विचित्र वाटलं की दुसऱ्याच्याच हाताने जेवतोय असं वाटावं. बॉल सगळे डावीकडे जाऊ लागले. मला मनापासून आनंद झाला. आयुष्यात प्रथमच डावीकडची झाडं पाहिली. त्यानंतर हळूहळू मध्ये आलं. मोजा आता सहा महिने टिकतो.

फोनवर स्वतःचं शूटिंग करत असाल तर जरूर करा, पण फोन हातांच्या उंचीवर ठेवा, निशाण्याच्या रेषेला समांतर, हातांच्या अगदी मागे. फोन दोन पावलं डावी-उजवीकडे सरकला तरी बरा स्विंग वाकडा आणि वाकडा स्विंग बरा दिसतो. मी महिनाभर एक असा दोष दुरुस्त करत होतो जो फक्त कॅमेऱ्याच्या कोनात होता.

स्विंगबद्दल इतकंच. खरा स्कोअर उतरला तो कागदामुळे. दहा राउंड मी स्कोअरकार्डवर तीन जास्तीचे रकाने पाडले: पट (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, म्हणजे ग्रीनवर, घरंगळवलेला फटका), दंड आणि 'फुकट'. फुकट म्हणजे पूर्ण ताकदीने मारलेला फटका जो तीस पावलंही गेला नाही. त्यातल्या एका ११२च्या राउंडमध्ये पट ४१, दंड ६, फुकट ९. पाहा, यात 'ड्रायव्हर लांब जात नाही' असा रकाना कुठेच लागला नाही, आणि मी सराव करत होतो तो मात्र फक्त ड्रायव्हरचा.

आधी दंड. आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, गेलात तर एक दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून, म्हणजे टीवरून तिसरा फटका. त्या होलची वाट तिथेच लागते. समजा ३३० मीटरचा पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, आहे. सात नंबरने १३०, पुन्हा १३०, मग सत्तरचा पिच (ग्रीनवर टाकायचा उंच फटका) आणि दोन पट: पाच. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. अठराही होलवर बोगी केलीत तर पार ७२च्या कोर्सवर ९० होतात. तुमच्या ११५च्या तुलनेत हे स्वप्न आहे, आणि त्यात एकही देखणा फटका नाही. माझी सूचना: पाच राउंड ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवून या. सोबतचे हसतील. हसू देत. नियमाने पिशवीत चौदापर्यंत क्लब ठेवता येतात, सक्ती नाही.

इथे एक वाद आहे. 'ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट पैशासाठी' छापाचा सल्ला सगळे देतात आणि सगळा वेळ ग्रीनवर घालवायला सांगतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्या-फटक्याचा हिशेब मांडून दाखवलं की खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन-तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांमुळे पडतो. मला ते पटतं. फक्त आपल्या पातळीवर लांबचा खेळ सुधारणं म्हणजे वीस मीटर वाढवणं नाही, बॉल हरवू न देणं आणि टॉप न करणं.

तरी पटिंग सगळ्यात स्वस्त आहे, कारण ते घरात होतं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आमटीच्या वाटीएवढा. आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा निम्म्याच वेळा घालतात, तेव्हा आठ फुटांचा चुकला म्हणून डोक्याला हात लावू नका. आपले पट वाया जातात ते तीन-तीन पटांमध्ये, आणि ते होतात पहिला पट सहा फूट पुढे किंवा मागे राहिल्यामुळे. दिशेपेक्षा अंतर चुकतं. घरी सतरंजीवर एक मीटरची पोलादी पट्टी ठेवून तिच्यावरून बॉल घरंगळवा. टोकापर्यंत न पडता गेला तर क्लबचं तोंड सरळ आहे. हे रोज दहा मिनिटं. कोर्सवर राउंडच्या आधी मात्र होलकडे बघूच नका: दहा पावलं, पंधरा पावलं, वीस पावलं अंतरावरून फक्त वेग जोखा. माझे ४१चे ३५ झाले ते एवढ्यावर.

स्वतः शिकण्याची लाज मात्र वाटू देऊ नका. आपल्या देशात या खेळाची मोठी परंपराच ती आहे. गोल्फपटू शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची देखभाल करायचे; हा क्लब १८२९चा. मुलगा तिथेच बघून-बघून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आणि पट इतके अचूक की त्यांना 'चिपुटसिया' असं टोपणनाव पडलं. त्यांच्या आधी १९९१ साली ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हेही दिल्लीत कॅडी होते. चेंबूरच्या वस्तीतले कॅडी तर लोखंडी सळी वाकवून क्लब करतात आणि प्लास्टिकचा बॉल घेऊन गल्लीबोळात खेळतात. गल्लीत बॉल वाकडा गेला तर कुणाच्या तरी दारात जातो. सरळ मारायला याहून कडक कोच कोण?

पण ही माणसं एकटी शिकली नाहीत. रोज शंभर लोकांचे फटके जवळून पाहत होती. म्हणून सांगतो, आपल्यापेक्षा दहा फटक्यांनी चांगल्या माणसाबरोबर खेळा आणि कॅडीला तोंड उघडायची मुभा द्या. बहुतेक कॅडी विचारल्याशिवाय बोलत नाहीत, कारण साहेब लोकांना ते आवडत नाही. "काका, माझं काय चुकतंय?" एवढं विचारा. आणि जमलं तर वर्षातून एकदाच एका तासाचे पैसे कोचला द्या, फक्त ग्रिप आणि उभं राहणं तपासायला. स्विंग बदलायचा विषय निघाला तर नम्रपणे नको म्हणा.

आता पाऊस तोंडावर आहे म्हणून शेवटचं. मे महिन्यात जमीन टणक असते, वेजचा (जास्त कललेल्या क्लबचा) तळ आपटून उसळतो आणि बॉल ग्रीनच्या पार जातो. तेव्हा चिपसाठी नऊ किंवा आठ नंबर घ्या आणि बॉल घरंगळवा. जुलैत उलट, बॉल आपल्याच खड्ड्यात रुतून बसतो. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) किंवा रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात) तसा रुतला तर दंडाशिवाय ड्रॉप मिळतो, म्हणजे बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडून खेळता येतो. २०१९पासून हरवलेला बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा बॉलवर मार्करने खूण करून ठेवा. आणि पांढरे पायमोजे घालून जाऊ नका. लाल माती धुऊन जात नाही, घरच्यांचं बोलणं मीच ऐकलंय.