डेकवर आज जे उभं आहे

प्रिय मुला,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. नौदलाच्या लढाऊ विमानांचं अपग्रेड करणाऱ्या गटात राहावं की नव्या डिझाइनच्या गटात जावं, हा तुझा पेच. ‘आयुष्यभर जुन्या विमानाच्या वायरिंगमध्ये अडकायचं नाही’ हे वाक्य मला लागलं. तुझ्या वयात मीही हेच म्हणालो होतो.

आधी ए-६ ची गोष्ट ऐक. अमेरिकी नौदलाच्या या हल्लेखोर विमानाची ए-६एफ ही सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये उडालीसुद्धा. नवी इंजिनं, नवं रडार, नवं कॉकपिट. पण रडारला चुकवणारं त्रिकोणी ए-१२ विमान येणार होतं, म्हणून ती गुंडाळली. जानेवारी १९९१ मध्ये ए-१२ रद्द झालं, एकदाही न उडता. १९९७ मध्ये ए-६ निवृत्त झालं आणि सुपर हॉर्नेट हे नौदलाचं नवं लढाऊ विमान पहिल्या मोहिमेवर गेलं ते २००२ मध्ये. मधल्या काळात वैमानिक काय कागदावरच्या त्रिकोणात बसून उडणार होते? विमानवाहू जहाजाच्या डेकवर आज जे उभं आहे, ते आधी बघ.

मी ते बघितलं नाही. एका बैठकीत रडार बदलण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे आला होता. ‘नवं विमान येतंच आहे, यावर पैसा कशाला’ असा शेरा मारून मी सही केली. समोरच्या कागदांवर वेळापत्रक होतं, शिक्के होते, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. नवं विमान आलं नाही. जुन्या रडारवर पोरं उडत राहिली, तुझ्याच वयाची.

तू म्हणशील, सांगाडा थकतो त्याचं काय? थकतोच. डेकवरून विमान फेकणाऱ्या कॅटापल्टचा प्रत्येक झटका आणि उतरताना शेपटीचा हूक डेकवरच्या तारेत अडकतानाचा प्रत्येक हिसका त्याच्या आयुष्यातून वजा होतो, शिवाय खारी हवा सांधे कुरतडते. आणि रडारला चुकवणारा आकार मागाहून चिकटवता येत नाही, हेही कबूल. पण म्हणून हात बांधून बसायचं? सुपर हॉर्नेटचं ६,००० तासांचं आयुष्य १०,००० तासांपर्यंत नेण्याचं काम माणसांनी एकेक विमान उघडून, गंज शोधून, भाग बदलून हाती घेतलंच ना? नवं डिझाइन करायला मी अडवत नाही रे. पण भेग कुठून सुरू होते हे ज्याने टॉर्च धरून पाहिलंय, त्याने ते करावं. डेकवर आज जे उभं आहे त्याच्याकडे पाठ फिरवून काढलेल्या रेषांवर माझा विश्वास नाही.

पंखाच्या मुळाशी सापडलेल्या गंजाबद्दल तू दोनच ओळी लिहिल्या आहेस आणि नव्या गटाच्या चकचकीत सादरीकरणावर दोन पानं. पुढच्या पत्रात उलट कर. गंज नेमका कुठल्या रिव्हेटपाशी आहे, किती खोल आहे, सगळं लिही. मी वाट बघतोय.

तुझा,
काका