वन्यप्राणी गणनेत सामान्य माणसाने जाऊन खरंच काही उपयोग होतो का? मराठवाड्यात कुठे जाता येतं?

होतो. पण आधी माझ्या मेहुण्याबद्दल सांगतो, म्हणजे उपयोग कशाचा ते कळेल.

मी बीडचा. कोरोनाच्या आधीची गोष्ट. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात होणाऱ्या गणनेसाठी पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर आम्ही तिघं: मी, पुण्याहून हातभर लांब लेन्स घेऊन आलेला मेहुणा आणि एक वनमजूर मामा. मामा अख्ख्या रात्रीत दहा वाक्यं बोलले असतील. दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत मोर, लांडोरी येत राहिल्या. मामा बोटाने दाखवायचे, मी तक्त्यात रेघा मारायचो. मेहुणा आडवा. म्हणे, "दाजी, रात्री उठवा, खरी मजा तेव्हाच." मोर रात्री झाडावर झोपलेला असतो, हे मयूर अभयारण्यात आलेल्या माणसाला काय सांगायचं!

दोनच्या सुमाराला काहीतरी पाण्यावर आलं. पाठ मागे उतरत गेलेली, बाकी चांदण्यात काही कळेना. मेहुणा दचकून उठला. "बिबट्या!" दहा सेकंदांत ते जनावर गेलं, फोटो आला नुसता काळा. तरी पहाटेपर्यंत आसपासच्या गावांच्या ग्रुपवर 'बिबट्या दिसला' फिरलं होतं.

उजाडल्यावर मामा खाली उतरले आणि चिखलातला ठसा दाखवला. नखं स्पष्ट उमटलेली. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. मग कुत्रा म्हणावा, तर पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा. मामा एवढंच म्हणाले, "तडस हाय." मी 'तरस 1' लिहिलं. मेहुणा रुसला. मी म्हणे त्याचा बिबट्या घालवला. तिकडे पुढचे आठ दिवस ज्यांच्या विहिरीला पाणी होतं ते रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला जाईनात.

म्हणून स्पष्टच सांगतो, ज्याला फक्त बिबट्या बघायचाय त्याने गणनेला जाऊ नये. पाणवठ्यावरचा आकडा म्हणजे जंगलातली संख्या नव्हेच. तेच जनावर दोनदा येतं, आणि वळवाचा एक पाऊस पडून डबकी भरली की पाणवठ्याकडे कोणी फिरकत नाही. वनखातंही आता याला 'निसर्गानुभव' म्हणतं. वाघ मोजायचे तर 2006 पासून ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) आणि ठरलेल्या रेषांवरून खुणा नोंदवत चालणं. त्याआधी नुसत्या ठशांवर मोजायचे, आणि राजस्थानातल्या सारिस्कात कागदावर वाघ असताना 2005 मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचं उघड झालं. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या डिसेंबरात वाघ दिसला तोही ट्रॅप कॅमेऱ्यातच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला आहे हे पट्ट्यांवरून कळलं, मचाणावरून नाही.

मग तुमचा उपयोग काय? त्याच जागी दरवर्षी बसायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. हे शून्य लिहायला लोकांना फार जड जातं. आणि मामांसारख्या माणसाचं ऐकायचं, त्या रानातल्या मेंढपाळांचंही.

कुठे जायचं: नायगाव, येडशी, कन्नडकडे गौताळा. मचाणाची नावनोंदणी वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारा. पण मला विचाराल तर जानेवारीत पैठणला नाथसागरावर जा. पाणपक्ष्यांची गणना दिवसाउजेडी असते आणि 'बिबट्या!' ओरडायची सोय नाही.

हो, हेही सांगायला हवं की मी काही अभ्यासक नाही, आणि ठसे वाचण्यात मामाही चुकू शकतात. मेहुण्याची भीतीही अगदीच हवेतली नव्हती. 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा त्याने मला बातमी पाठवली, खाली 'बघा दाजी'. अहो, पण आष्टीत बिबट्या होता म्हणून आमच्या पाणवठ्यावरचं तरस बिबट्या होतं का? मी उत्तरादाखल काडेपेटी शेजारी ठेवून काढलेला ठशाचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर अजून नाही.