स्टाइलला मराठीत काय म्हणायचं?

या महिन्यात ‘स्टाइल’ या एका शब्दावर पाच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

मी आठवीच्या मुलांकडून इंग्रजी उतारे मराठीत करून घेते. ‘स्टाइल’ आला की अख्खा वर्ग ‘शैली’ लिहून मोकळा होतो. परवा एकाने ‘केसशैली’ लिहिलं, दुसऱ्याने ‘स्वयंपाकशैली’. चूक दाखवता येत नाही, पण कानाला खटकतं. काय पर्याय द्यावेत?
— एक शिक्षिका, गिरगाव

तुमचा कान बरोबर सांगतोय. मुलांना एकच सवय लावा: लिहिण्याआधी विचारायचं, स्टाइल कशाची? मराठीत त्या त्या कामातल्या माणसांनी आपापला शब्द कधीच घडवून ठेवला आहे.

अक्षराची असेल तर वळण. मोडीच्या जुन्या कागदांतही चिटणिशी वळण, बिवलकरी वळण असंच म्हणतात. गाण्याची असेल तर गायकी: किराण्याची गायकी, ग्वाल्हेरची गायकी. तबल्याची असेल तर बाज. दिल्ली बाजात काम मुख्यतः बोटांचं आणि चाटेवरचं, म्हणजे तबल्याच्या कडेवरचं, पूरब बाजात हात खुला आणि पखवाजाच्या जवळचा. हा ‘बाज’ फार उपयोगी शब्द आहे, तो तबल्यापुरता ठेवू नका. ‘लावणीच्या बाजाचं गाणं’, ‘ग्रामीण बाजाची कथा’ हे सहज चालतं. भांड्याचा आणि दागिन्याचा घाट असतो. दोन तांबे एकाच धातूचे असले तरी मान आणि पोट वेगळं झालं की घाट बदलला.

बोलण्यासाठी तीन शब्द आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. ढब ही बहुधा प्रदेशाची किंवा समाजाची: मालवणी ढब, वऱ्हाडी ढब. लकब एकट्या माणसाची: प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नाही का?’ म्हणणं ही लकब. धाटणी म्हणजे एकूण बांधणी, म्हणून ती भाषणाचीही असते आणि लेखाचीही.

केसांची केशरचना. स्वयंपाकाची पद्धत, आणि पुष्कळदा तीही लागत नाही. ‘मालवणी स्टाइल चिकन’ म्हणजे मालवणी कोंबडी, संपलं. नुसत्या विशेषणात अर्थ पुरा होत असेल तर मागे दुसरा शब्द जोडायचा नाही.

‘लाइफस्टाइल’चं भाषांतर ‘राहणीमान’ करतात, ते मात्र चुकीचंच. राहणीमान म्हणजे जगण्याचा आर्थिक दर्जा, तो वर-खाली होतो. कधी झोपता, काय खाता, किती चालता ही जीवनशैली.

शैली मग कुठे? साहित्य, चित्र, शिल्प आणि इमारती इथे ती हक्काने वापरा. हा शब्द ‘शील’पासून आला आहे, म्हणजे वारंवार दिसणारा स्वभाव. तो दाखवायला मुलांना ओव्हल मैदानात उभं करा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय: टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडातलं कोरीवकाम. ही व्हिक्टोरियन गॉथिक शैली. पश्चिमेला आर्ट डेको: गोलाई दिलेले कोपरे, आडव्या रेषा, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे. एका इमारतीची खूण त्याच रांगेतल्या शेजारच्या इमारतीतही सापडते, समोरच्या रांगेत सापडत नाही. दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

‘स्टायलिश’ला ऐटबाज, रुबाबदार, डौलदार यांपैकी नेमकं काय? जाहिरातीचा मजकूर लिहिताना अडतं.
— दादरहून एक वाचक

तिन्ही, पण जागा वेगळ्या. ऐटबाज मध्ये थोडं मिरवणं आहे. कपडे, गॉगल, मोटारसायकल, तरुण मुलगा यांना तो शोभतो. रुबाब माणसाच्या वजनाचा असतो: कपडे साधे असले तरी तो आत आला की लोक सावरून बसतात. त्यामुळे चप्पल रुबाबदार होत नाही, ती झोकदार होते. डौल हालचालीत दिसतो, म्हणून चाल डौलदार, शीड भरलेली होडी डौलदार. दिमाखदार सोहळ्याला किंवा वास्तूला. टापटीप मध्ये पैशाचा संबंध नाही, स्वच्छता आणि नीटपणा एवढंच. शाळेच्या गणवेशाच्या जाहिरातीला याहून चांगला शब्द नाही.

दोन शब्द जपून वापरा. ‘नखरेल’ लावणीत कौतुक आहे, कार्यालयातल्या बाईंबद्दल लिहिलं तर अपमान. ‘छानछोकी’ ही उधळपट्टीची तक्रार आहे, ती विकायच्या वस्तूला लावू नका.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या करारात ‘मेसर्स अमुक या नावाने व शैलीने व्यवसाय करणारी संस्था’ असं वाक्य आहे. ही कसली शैली?
— बोरिवलीहून एक सभासद

कसलीच नाही. मूळ इंग्रजी मसुद्यात ‘नेम अँड स्टाइल’ असतं. तिथे स्टाइलचा अर्थ आहे ज्या नावाने किंवा उपाधीने एखाद्याला अधिकृतपणे संबोधलं जातं ते. म्हणजे जोडीतले दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. इंग्रजी कायद्याच्या भाषेला अशा जोड्यांची सवय आहे, ‘नल अँड व्हॉइड’ हीसुद्धा तशीच. मराठीत शब्दाला शब्द ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं, व्यवसायाची काही खास रीत करारात बांधून घेतली आहे.

नव्या मसुद्यात ‘“अमुक डेव्हलपर्स” या नावाने व्यवसाय करणारी भागीदारी संस्था’ एवढं पुरे. सह्या झालेल्या कागदावर मात्र स्वतः खाडाखोड करू नका. दुरुस्ती हवीच असेल तर वकिलांकडून करून घ्या. याच अर्थाचा ‘सेल्फ-स्टाइल्ड’ बातम्यांत येतो. त्याला ‘स्वयंघोषित’ हा चांगला रुळलेला शब्द आहे.

शिवकालीन इंग्रजी पत्रांच्या पुस्तकात तारखेपुढे ‘ओल्ड स्टाइल’ लिहिलेलं असतं. तिथे काय समजायचं?
— परळहून इतिहासाचा विद्यार्थी

इथे स्टाइल म्हणजे कालगणनेची पद्धत, म्हणून ‘जुनी कालगणना’ लिहा. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका पोर्तुगालने लगेच घेतली. इंग्लंडने ती घेतली १७५२ साली. तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला. त्यामुळे त्या काळात मुंबईच्या इंग्रजांची तारीख एक आणि वसईच्या पोर्तुगीजांची दुसरी, दिवस तोच. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची, ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ची, ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने ती १६ जून येते.

जुनी तारीख नव्या गणनेत आणायची तर काम असं करा. आधी कागद कोणाचा ते पाहा. पोर्तुगीजांचा असेल तर तारीख तशीच ठेवा. इंग्रजांचा असेल तर फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस मिळवा, त्यानंतर १७५२ च्या बदलापर्यंत ११. खरी चूक वर्षात होते. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रावर आपल्या हिशेबाने एक वर्ष कमी असतं. ‘१६७३/७४’ असं दुहेरी साल दिसलं तर दुसरं धरा. संपादकाने तारखा आधीच बदलल्या आहेत का, हे प्रस्तावनेत पाहायला विसरू नका, नाहीतर दिवस दोनदा मिळवले जातात.

‘स्टाइल’ की ‘स्टाईल’? आणि फुलाच्या आकृतीत स्टाइल कुठून आली?
— मुलुंडहून एक पालक

उच्चारात इ ऱ्हस्व आहे, म्हणून आम्ही ‘स्टाइल’ लिहितो. छापील मजकुरात दीर्घही दिसतो. एका लेखात एकच ठेवा. ‘स्टायलिश’मध्ये पुढे स्वर आल्यामुळे य येतो. लिंग स्त्रीलिंगी, पद्धत आणि रीत यांच्यासारखं.

फुलातल्या स्टाइलचं कूळ वेगळं आहे. लिहिण्याची स्टाइल लॅटिन ‘स्टिलस’पासून आली, म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार कांडी; तिचं दुसरं टोक चपटं असायचं, खोडायला. फुलातली आली ग्रीक ‘स्टायलोस’पासून, म्हणजे खांब. मराठी पाठ्यपुस्तकात तिला कुक्षीवृंत म्हणतात. जास्वंदीच्या मधला लांब दांडा ब्लेडने उभा चिरा. बाहेरची, पिवळे पुंकेसर लागलेली नळी वेगळी होईल आणि आत बारीक धाग्यासारखा कुक्षीवृंत दिसेल. वर त्याला पाच फाटे फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला मखमली ठिपका असतो. त्या ठिपक्यांना कुक्षी म्हणतात.