वाचकांचे प्रश्न : कण्हणारे स्टेअरिंग आणि टाकीच्या तळाची जाळी

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची डिझेल इनोव्हा आहे. ती पावणेदोन लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी फाटकातून गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवले, की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. गाडी तापली की तो बराच कमी होतो. पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतले तेल काळपट झाले आहे. मेकॅनिकने पंप बदलायला सांगितले आहे. त्याआधी तेल आणि टाकी घरीच बदलून पाहावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य पाहावी, आणि नुसते तेल न बदलता टाकीही बदलावी. तुम्ही सांगितलेले लक्षण, म्हणजे थंडपणी आवाज आणि तापल्यावर आराम, पंप झिजल्यापेक्षा पंपाला तेल पुरेसे मिळत नसल्याकडे अधिक बोट दाखवते. टाकीच्या तळाशी एक बारीक जाळी असते. रबरी नळ्यांचे आतून सुटलेले कण आणि वर्षानुवर्षांचा गाळ तिच्यावर बसतो. थंड तेल घट्ट असल्यामुळे तुंबलेल्या जाळीतून ते सहज उतरत नाही. पंप ते ओढू पाहतो, तेलात बुडबुडे होतात आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. मी माझ्या गाडीची जुनी टाकी काढल्यावर करवतीने आडवी कापून पाहिली होती. वरून ती धुऊन स्वच्छ केलेली होती, पण जाळीवर काजळीसारखा चिकट थर होता आणि नखाने खरवडल्यावरच तिची छिद्रे दिसली. अनेक टाक्यांमध्ये ही जाळी प्लास्टिकमध्येच बसवलेली असते, ती सुटी निघत नाही. म्हणून टाकी धुऊन पुन्हा लावण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. आवाज कण्हण्याचा नसून चिरकणारा असेल, तर मात्र आधी पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण तपासावा.

तेल कोणते, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. तुमच्या गाडीला डेक्सरॉन जातीचे लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनवलेले तेल, लागते. होंडाच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टेअरिंगला कंपनीचे वेगळे तेल लागते आणि काही युरोपीय गाड्यांना हिरवे, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत चालले ते आपल्या गाडीत चालेलच असे नाही. दोन लिटर तेल, नवी टाकी, नळ्यांचे नवे क्लॅम्प, मोठी सिरिंज, रिकामी बाटली, भरपूर चिंध्या आणि मदतीला एक माणूस, एवढी तयारी पुरते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नये. इंजिन थंड असतानाच सिरिंजने टाकीतले तेल काढून घ्यावे. टाकीला दोन नळ्या असतात : जाड नळी पंपाकडे तेल नेते, बारीक नळी स्टेअरिंगकडून परत आणते. खोलायच्या त्या एवढ्याच दोन. पंपातून निघणाऱ्या दाबाच्या नळीला घरी हात लावू नये, कारण तिच्यात ७० बारहून अधिक दाब तयार होतो. कारच्या टायरमध्ये हवा साधारण दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज यावा. जुन्या रबरी नळ्या टाकीच्या तोंडांना चिकटून बसतात, म्हणून त्या सरळ ओढण्याऐवजी आधी हलकेच पिळून सैल कराव्यात. कडक झालेल्या किंवा टोकाशी चिरलेल्या नळ्या त्याच वेळी बदलाव्यात. खाली चिंधी अंथरावी, कारण तेल पट्ट्यावर पडले तर पट्टा घसरतो आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर पडले तर नवीच दुरुस्ती उभी राहते.

आता नवी टाकी बसवून जाड नळी जोडावी. बारीक नळीचे टोक मात्र बाटलीत सोडावे आणि टाकीच्या त्या तोंडाला घट्ट बूच लावावे. टाकीत नवे तेल भरावे. मदतनिसाने किल्ली स्टेअरिंगचे कुलूप सुटेल एवढीच फिरवावी, इंजिन सुरू करू नये, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावे. आतला गज सरकतो तसे जुने तेल बाटलीत येत राहते, आधी काळे, मग तपकिरी आणि अखेर लालसर. या वेळी तुमचे डोळे टाकीवर असावेत. तेल तळाशी जायच्या आत वरून भर घालावी, नाहीतर हवा आत शिरते. मदतनीस घाई करतो आणि टाकी रिकामी होते, असे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून ‘थांब’ आणि ‘फिरव’ हे दोनच शब्द आधी ठरवून घ्यावेत.

लाल तेल येऊ लागले की बारीक नळी जोडून क्लॅम्प आवळावेत, टाकी भरावी आणि इंजिन बंद ठेवूनच आणखी पंधरा-वीस वेळा स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवावे. बुडबुडे यायचे थांबले की मगच इंजिन सुरू करावे. या पंपाला वंगण म्हणून तेच तेल असते, त्यामुळे कोरडा पंप थोडा वेळ फिरला तरी आतल्या पात्यांना आणि भिंतींना चरे पडतात. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, तेल लगेच तापते. तेलावर फेस आला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे, फेस आपोआप विरतो. अखेर गाडी खाली घेऊन, टाकीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असल्यास त्या पाहून पातळी ठरवावी. जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये, बाटलीत भरून जुने तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

एवढे करूनही दोन-तीन दिवसांत आवाज कमी झाला नाही, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे धरून पंप तपासून घ्यावा.

प्रश्न : घाईत स्टेअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतले गेले. इंजिन अजून सुरू केलेले नाही. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरू केले नाही, हे फार बरे झाले. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचे असते आणि स्टेअरिंगमधील रबरी सील त्याने फुगून निकामी होतात. सिरिंजने टाकी पूर्ण उपसा, नळ्या काढून टाकी बाहेर घ्या, नळ्यांत राहिलेले निथळू द्या आणि वर दिल्याप्रमाणे योग्य तेलाने, या वेळी दुप्पट तेल वापरून, यंत्रणा धुऊन काढा. चुकून इंजिन सुरू झाले आणि स्टेअरिंग फिरवले गेले असते, तर सील तपासून घेण्यासाठी गाडी टो करून न्यावी लागली असती.