वाचकांचे प्रश्न : टांगलेल्या ठोकळ्याचा भार काट्यावर कसा?

प्रश्न : मी अकरावीत आहे. ५४० ग्रॅमचा ॲल्युमिनिअमचा ठोकळा ताणकाट्याला दोऱ्यानं टांगून चंचुपात्रातल्या पाण्यात पूर्ण बुडवला. पात्र इलेक्ट्रॉनिक काट्यावर आहे. पाण्यासकट त्याचं वजन १५०० ग्रॅम. ठोकळा तळाला टेकलेला नाही. मी म्हटलं, खालचा काटा १५००च दाखवणार, ठोकळा तर वरून धरलाय. उत्तर मात्र १७०० आहे. हे २०० ग्रॅम आले कुठून? (सांगली)

उत्तर : १७०० बरोबर आहे. ॲल्युमिनिअमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे ठोकळ्याचं आकारमान ५४० ÷ २.७ = २०० घन सें.मी. तेवढ्या जागेतलं पाणी २०० ग्रॅमचं. म्हणून पाणी ठोकळ्याला २०० ग्रॅम वजनाएवढ्या, म्हणजे १.९६ न्यूटन बलानं वर उचलतं आणि ताणकाटा ३४० दाखवतो. इथपर्यंत तुमचं गणित जमलं असणारच. राहून गेली ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची बाजू : पाणी ठोकळ्याला वर ढकलतं, तर ठोकळाही पाण्याला तेवढ्याच बलानं खाली दाबतो, आणि तो भार खालच्या काट्यावर येतो.

नियमाचं नाव घेऊन समाधान होत नसेल तर तळाशी जाऊन बघू. पात्र सरळ नळकांड्यासारखं आहे आणि तळाचं क्षेत्रफळ १०० चौ. सें.मी. आहे असं धरा. २०० घन सें.मी.चा ठोकळा आत गेला की पातळी २ सें.मी. चढते. तळावरचा दाब १००० × ९.८ × ०.०२ = १९६ पास्कलनं वाढतो. त्याला ०.०१ चौ. मीटरनं गुणा : १.९६ न्यूटन. तेच २०० ग्रॅम. तळाला ठोकळा दिसत नाही, फक्त पाण्याची वाढलेली उंची कळते.

ताळा करायची सोपी रीत म्हणजे दोन्ही काट्यांची बेरीज. ३४० + १७०० = २०४०, आणि ५४० + १५०० = २०४०. दोरा सैल सोडून ठोकळा तळावर ठेवलात तर वर शून्य, खाली २०४०. मात्र पात्र काठोकाठ भरलेलं असेल आणि सांडलेलं २०० ग्रॅम पाणी काट्यावरून बाहेर गेलं, तर खालचा काटा १५००च दाखवेल. परीक्षक हा फाटा हमखास काढतात, म्हणून प्रश्नातलं ‘काठोकाठ’ नजरेतून सुटू देऊ नका.

घरी करून बघायला स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सें.मी. दगडाचं आकारमान. कोरडा दगड ८७ ग्रॅमचा आणि आकडा ३० आला, तर घनता २.९, आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची साधारण तेवढीच असते. दगड काचेला टेकला की आकडा फसवा येतो. विटेचा तुकडा घेऊ नका, तो पाणी पितो आणि आकडा सरकत राहतो.

प्रश्न : टाकीत तरंगणाऱ्या होडीतला दगड पाण्यात टाकला तर पातळी चढेल की उतरेल? आमच्यात दोन तट पडलेत. (चिपळूण)

उत्तर : उतरेल. दगड ६० किलोचा, घनता ३००० किलो प्रति घनमीटर धरू. होडीत असताना त्याचं सगळं वजन पाणी पेलतं, म्हणून त्याच्या वाट्याचं ६० लिटर पाणी बाजूला सरलेलं असतं. तळाशी गेल्यावर तो फक्त स्वतःच्या आकारमानाएवढं, २० लिटर पाणी सारतो. उरलेला भार तळ पेलतो. टाकी ४ चौ. मीटरची असेल तर ४० लिटरच्या फरकानं पातळी १ सें.मी. उतरते. दगडाऐवजी तरंगणारा ओंडका टाकलात तर काहीच फरक नाही. बर्फात खडा गोठलेला असेल तर बर्फ वितळल्यावर पातळी उतरते, कारण तेच.

प्रश्न : गच्चीवर १००० लिटरच्या जागी २००० लिटरची टाकी बसवली तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरला दाब वाढेल का? (ठाणे)

उत्तर : नाही. दाब ठरतो तो शॉवरपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच्या उभ्या उंचीवर. ती ३ मीटर असेल तर १००० × ९.८ × ३ = २९,४०० पास्कल; टाकी १००० लिटरची असो वा १० हजारांची. नवी टाकी उंच नसून नुसती रुंद असेल तर पैसे साठ्यासाठी गेले, दाबासाठी नाही. टाकीखाली १ मीटरचा ओटा बांधलात तर ९,८०० पास्कल वाढतात. हा हिशेब नळ बंद असतानाचा. पाणी वाहू लागलं की अरुंद पाइप आणि वाकणं त्यातला बराच दाब खातात, तेव्हा आधी शॉवरची क्षारानं बुजलेली भोकं साफ करा. वातावरणाचा १,०१,३०० पास्कल दाब इथे मिळवायचा नाही, कारण तो टाकीतल्या पाण्यावर जितका आहे जवळपास तितकाच शॉवरच्या तोंडाशीही आहे. गणितात ‘एकूण दाब’ विचारला असेल तरच तो मिळवा.

प्रश्न : ३ मीटर रुंद, २ मीटर उंच फळीमागे काठापर्यंत पाणी आहे. फळीवरचं बल माझं १,१७,६०० न्यूटन येतं, छापील उत्तर निम्मं आहे. (नांदेड)

उत्तर : तुम्ही तळाचा दाब, १९,६०० पास्कल, सगळ्या ६ चौ. मीटरवर लावलात. पृष्ठभागाशी तो शून्य असतो आणि खोलीबरोबर सारख्या प्रमाणात वाढत जातो, म्हणून सरासरी घ्या : ९,८०० × ६ = ५८,८०० न्यूटन. पुढचा उपप्रश्न बहुधा हे बल कुठे लागतं असा असेल. मध्यावर नाही, तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे इथे सुमारे ६७ सें.मी.वर.